आंबिलाचे बिंदगे आणि बिनसीटची गाडी

मडिवाळप्पा बिरादार यांनी आयुष्यात कधीही कामावाचून गाडी सुरू केली नव्हती. उदगीरच्या एसटी डेपोत ते मेकॅनिक होते आणि सेवानिवृत्तीनंतर आम्ही जळकोटला, गावाच्या कडेला असलेल्या आमच्या घरी राहावयास आलो. ते माझे यजमान आहेत. त्यांचे नाव मी तोंडाने घेत नाही. परंतु माणसाविषयी लिहावयाचे तर त्याचे नाव लिहिणे योग्य, म्हणून ते येथे लिहिले आहे. यापुढे मी त्यांना अप्पा म्हणेन, कारण सारे गाव त्यांना तसेच म्हणते.

अप्पांचा स्वभाव असा की, दुकानातून आणलेली कोणतीही वस्तू त्यांना अर्धवट वाटते. सायकल आणली तर तिला मागे-पुढे कॅरिअर बसवतील. स्कूटर आणली तर तिला लेग गार्ड आणि साडी गार्ड लावल्याशिवाय अंगणाबाहेर काढणार नाहीत. माझ्या शिलाई मशीनला त्यांनी पाण्याचा तांब्या ठेवण्यासाठी लोखंडी कडी बसवून दिली, तिचा उपयोग मी आजही करते. गाडी चांगली की वाईट हे ते तिच्या ॲव्हरेजवरून ठरवतात. पुतणीच्या लग्नासाठी पाहुणे मुलगा दाखवायला आले, तेव्हा त्यांनी मुलाला पहिला प्रश्न त्याच्या मोटारसायकलच्या ॲव्हरेजचा विचारला होता.

कामाला बसण्यापूर्वी ते स्नान आणि लिंगपूजा करतात, पान्यांच्या पेटीला विभूतीचे बोट लावतात, पोते अंथरतात आणि मग माझी परात मागतात. उघडलेल्या इंजिनाचे नट ते परातीत ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने मांडतात. त्यामुळे आमच्या घरी पराती नेहमी दोन असतात आणि तरीही मला भाकरीसाठी एकही मिळत नाही.

आता आमच्या घरच्या एका रीतीविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व गोष्ट तिच्यामुळे घडली.

आमचे शेत ओढ्यापलीकडे, खडकाळ चढ चढून गेल्यावर माळावर आहे. मार्गशीर्ष अमावास्येला आमच्याकडे येळवस असते. त्या दिवशी घरांना कुलूप लावून सर्वजण शेतात जेवतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारून तिच्यात लक्ष्मीची पूजा मांडतात. हिरव्या शेंगा-दाण्यांची भज्जी असते, ज्वारी-बाजरीचे उकडलेले उंडे असतात, आणि ज्वारीच्या पिठाची, ताकातली, आदल्या दिवशी आंबवलेली आंबील असते. ही आंबील ज्या मातीच्या घड्यातून नेतात, त्याला आम्ही बिंदगे म्हणतो. त्यावर चुन्याचे आणि तांबड्या कावेचे पट्टे ओढतात. आमच्या घराची रीत अशी आहे की, बिंदगे घरच्या लक्ष्मीने उंबऱ्यात उचलावे आणि तिनेच ते कोपीपाशी उतरवावे. मधल्या वाटेत ते नवरा-बायकोपैकी कोणीही न्यावे, परंतु तिसऱ्याच्या हाती देऊ नये आणि जमिनीला टेकवू नये. माझ्या सासूबाई नागुबाई यांनी ते माझ्या डोक्यावर ठेवले, तेव्हापासून दरवर्षी मीच ते नेत आले.

परंतु माझे गुडघे दुखू लागले. डॉक्टरांनी चालण्यास परवानगी दिली, डोक्यावर ओझे घेऊन चढ चढण्यास मनाई केली. अप्पांच्या डाव्या घोट्यावर डेपोत एकदा गिअरबॉक्स पडला होता, म्हणून ते सपाटीवर नीट चालतात, पण ओझे घेऊन चढावर पाय देत नाही. बैलगाडीची वाट पावसात वाहून गेलेली आणि पलीकडच्या बाजूला पुलाचे काम चाललेले. सूनबाई तनुजा हिला बिंदगे सोपवावे असेही मनात आले. ती म्हणाली, "अव्वा, एवढ्यात मला नका देऊ. ते एकदा माझ्याकडं आलं की तुम्ही कोपीत पाहुण्यासारख्या बसाल." तिचे म्हणणे मला आवडले.

म्हणून गेल्या वर्षी येळवस लातूरला, मुलाच्या घराच्या गच्चीवर झाली. राजशेखरने हौसेने कडबा आणला. कोप पाण्याच्या टाकीला टेकवून उभी केली. पिकावर शिंपडायची आंबील आम्ही कुंडीतल्या तुळशीवर शिंपडली. सर्वजण पोटभर जेवले. मीही जेवले, परंतु तिथल्या वाऱ्याला हरभऱ्याचा वास नव्हता.

या वर्षी दसऱ्याला राजशेखर म्हणाला, "अव्वा, औंदाबी लातूरलाच करू. वाट नीट होईस्तोर तिथंच बरं."

मी बरे म्हटले. एक वर्ष चुकले तर त्याला अडचण म्हणता येते. दुसऱ्या वर्षीही चुकले, तर पुढे गच्चीच आमची रीत होणार, हे मला कळत होते. अप्पा पायरीवर बसून चपलेचा अंगठा शिवत होते. दुसऱ्या दिवशी ते धर्माबादला गेले.

धर्माबादला त्यांचे मित्र बजरंग राहतात. नांदेडच्या आयटीआयमध्ये दोघे एका बाकावर होते. बजरंगरावांनी पुढे हैदराबादला मोटारसायकलींच्या एका क्लबात काम केले. क्लब बंद झाला तेव्हा मालकाने एक जुनी गाडी त्यांना भेट दिली, ती त्यांच्या शेडमध्ये मिरचीच्या पोत्यांमागे पडून होती. अप्पांनी ती टेम्पोत घातली आणि बजरंगरावांनाही सोबत आणले.

गाडी अंगणात उतरवली तेव्हा मी प्रथम तिची सीट शोधली. टाकी दुधाच्या किटलीएवढी. सायलेन्सर वर, पोटाशी. जमिनीपासून इतकी उंच की आमचे मांजर शेपटी ताठ ठेवून तिच्याखालून गेले. बसण्याच्या जागी फक्त एक पट्टी होती, जेवायला घेतात त्या पाटाच्या निम्मी.

शेजारच्या शेताचे मालक शेषेराव तेवढ्यात आले. त्यांना आमच्या अंगणात काही नवीन आले की घरी बसवत नाही.

"अप्पा, शीट धर्माबादलाच इसरून आलाव का?"

"इसरलो न्हाई. नव्हतीच."

"मंग आतापर्यंत ह्याच्यावर बसून कोण गेलतं?"

बजरंगराव चहा पीत म्हणाले, "शेषेराव, ही बसायची गाडीच न्हाई. हिला ट्रायलची गाडी म्हणतेत. दगडाधोंड्यावरून हळूहळू जायाचं. पळवायचं न्हाई. शर्यतीत पाय खाली टेकला की गुण कटतेत."

"आन् बसायचं कधी?"

"बसायचं न्हाई. सगळा येळ उभंच ऱ्हायचं."

शेषेराव म्हणाले, "उभंच ऱ्हायचं, हळूच जायाचं. मंग चालत गेलेलं काय वाईट?"

सर्वजण हसले. अप्पा मात्र गाडीभोवती फिरत होते. त्यांनी माझ्याकडे पाहून सांगितले, "हिच्यावर तू मागं बसायची, बिंदगं मांडीवर घ्यायचं. येळवस माळावरच व्हईल." मला कोणी विचारले नव्हते, परंतु ऐकून बरे वाटले.

नंतर काम सुरू झाले. पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट अडकलेला होता. अप्पांनी त्यात डिझेल आणि खोबरेल तेल ओतून तो भिजत ठेवला, जसे आपण हरभरे भिजत ठेवतो. रोज सकाळी त्यावर लाकडी हातोडीने हळू ठोकत. एके दिवशी तो सुटला. उदगीरच्या लेथवर सिलिंडर घासून घेतले, रिंगा बदलल्या. ठिणगीचे पॉइंट एका जुन्या देशी गाडीचे बसवले. कार्ब्युरेटरची छिद्रे तांब्याच्या बारीक तारेने मोकळी केली. चाकांच्या तारा लातूरला गोलाई चौकाजवळच्या कारागिराकडून बांधून आणल्या. हे सर्व करताना अप्पा सतत शिंकत होते, कारण प्रत्येक फटीत मिरचीची पूड बसली होती. परात मी तीनदा घासली, तरी त्या दिवशीच्या भाकरी तिखट झाल्या.

इंजिन प्रथम सुरू झाले त्या सकाळी सायलेन्सरमधून निळा धूर निघाला आणि त्याबरोबर राहिलेली सर्व मिरची. आमची संपूर्ण गल्ली शिंकली. शेषेराव रुमालात तोंड धरून म्हणाले, "अप्पा, गाडी सुरू झाली का ठेचा कुटायलाव?" अप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते हसत होते. ते पाणी मिरचीचेच होते असे मला वाटत नाही.

गाडी येथेच तयार झाली होती. परंतु अप्पांना ती अर्धवट वाटली.

त्यांनी तिला लाल रेक्झिनची लांब सीट केली. बिंदग्यासाठी कडे असलेले कॅरिअर केले. लेग गार्ड लावले. मी मागे बसणार म्हणून साडी गार्ड लावले. शेवटी त्यांनी मागच्या चाकाचे मोठे दातेरी चक्र काढले आणि त्याच्या जागी लेथवर करून घेतलेले लहान चक्र बसवले. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "एवढ्या मोठ्या चक्रानं इंजिन नुसतं फिरतंय, गाडी पुढं जात न्हाई. पेट्रोल वाया. ह्यानं ॲव्हरेज वाढतंय." काढलेले मोठे चक्र त्यांनी मला दिले. ते चपटे होते, म्हणून मी त्यावर दुधाचे गरम पातेले ठेवू लागले. ओट्याला डाग पडणे थांबले.

गाडीला कागद नव्हते, म्हणून ती डांबरी रस्त्यावर न्यायची नाही असे अप्पांनी ठरवले होते. आमच्या घरामागूनच ओढ्याची वाट सुरू होते, त्यामुळे अडचण नव्हती. अप्पांनी कॅरिअरच्या कड्यात पाण्याने भरलेला जुना घडा बसवला आणि चाचणीस निघाले. मी आणि शेषेराव मागून चालत गेलो.

सपाटीवर गाडी छान गेली. ओढ्यात पहिल्याच धोंड्याला लेग गार्ड अडकले. ते सोडवून पुढे गेले तर चढाच्या तोंडाशी इंजिनाने दम सोडला आणि ते बंद पडले. अप्पांनी पाय टेकला, गाडी कलली, आणि घड्यातील सर्व पाणी ओढ्यात गेले.

दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. तिसऱ्या दिवशी साडी गार्डात बाभळीची फांदी शिरली आणि घडा फुटला.

शेषेराव काठावर बसून म्हणाले, "अप्पा, ओढ्याला पाणी कमी पडलं म्हणून रोज आणून ओतायलाव का?"

अप्पा गाडी ढकलत घरी घेऊन आले. जेवताना म्हणाले, "राजूला फोन कर. लातूरला येतो म्हणावं." त्यांनी ताटातली भाकरी मोडली, पण तोंडात घातली नाही. आमच्या संसारात त्यांनी एखादे यंत्र हातातून सोडून दिल्याचे मी पाहिलेले नव्हते.

मी फोन केला नाही. मला त्या तीन दिवसांत एक गोष्ट दिसली होती. गाडी धोंड्यावर चढली की अप्पाही तिच्याबरोबर उचलले जात, ती आपटली की तेही आपटत, आणि घडा तर गाडीलाच जखडलेला. मी त्यांना म्हटले, "अहो, मी इतकी वर्षं बिंदगं नेलं. कधी बसून नेलं का?"

"बसून कसं न्हेशील?"

"तेच म्हणते. डोक्यावर असलं की कंबर हलती, गुडघे हलतेत, बिंदगं हलत न्हाई. तुम्ही बसता, म्हणून सांडतंय. बजरंगभाऊजींनी उभं ऱ्हा म्हणून सांगितलं होतं."

अप्पा म्हणाले, "आन् तू कुठं बसायची?"

"मी चालते. डॉक्टरनं ओझं नको म्हटलंय, चालणं न्हाई. बिंदगं तुम्ही न्या, पाठीला बांधून. रीतीत बसतंय."

"लोक हसतील."

"शेषेभाऊजी तर आत्ताच हसायलेत."

त्यांनी भाकरी खाल्ली. हात धुऊन बाहेर गेले आणि पान्यांचा आवाज येऊ लागला. लाल सीट निघाली. कॅरिअर, लेग गार्ड, साडी गार्ड, सर्व निघाले आणि गोठ्याच्या खुंटीवर जाऊन बसले. बसण्यापुरती एक पातळ गादी तेवढी त्यांनी ठेवली. मग ते स्वयंपाकघरात आले आणि दुधाच्या पातेल्याकडे पाहत उभे राहिले. काय पाहिजे ते मला समजले. मी पातेले उचलले आणि मोठे चक्र पुसून त्यांच्या हाती दिले.

"ॲव्हरेज जातंय," ते म्हणाले.

"जाऊ द्या," मी म्हटले.

त्यानंतर अप्पा रोज सकाळी गाडीवर उभे राहण्यास शिकले. प्रथम अंगणात, मग ओढ्याच्या वाळूत, मग धोंड्यांवर. घोट्याला पट्टी बांधत. उभे राहण्यास त्या पायाचा त्रास नव्हता, हे त्यांनाही नव्यानेच कळले. मोठे चक्र बसवल्यावर गाडीला चढाचा जोर आला आणि ती इतकी हळू चालू लागली की आमच्या कोंबड्या तिच्यापुढे घाई न करता चालत. मी पायरीवर बसून सांगत असे, "गुडघे ढिले सोडा. मान ताठ नको." डेपोत ज्यांनी इतक्या माणसांना काम शिकवले, ते माझ्याकडून शिकत होते आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नव्हता, हे मी येथे मुद्दाम नोंदवते.

येळवसेच्या सकाळी माझ्या निरोपावरून राजशेखर आणि तनुजा लातूरहून आले. मी बिंदग्याला चुना आणि काव लावली, आंबील भरली, तोंडाला फडके बांधले. उंबऱ्यात ते उचलले. अप्पा गाडीवर पाय रोवून तयार होते. ज्याप्रमाणे बाई पाठीला लेकरू बांधते, त्याप्रमाणे मी ते घोंगड्यात घालून त्यांच्या पाठीला बांधले आणि गाठ त्यांच्या छातीवर मारली.

शेषेराव त्यांच्या घरच्यांसह निघाले होते. ते थांबले. "अप्पा, लेकरू कुणावर गेलंय?"

"आज्यावर," अप्पा म्हणाले. "गप ऱ्हातंय."

राजशेखरला काळजी वाटत होती. "अप्पा, पडलाव तर?"

"पडलो तर लातूरला जाऊ."

आम्ही निघालो. पुढे मी काठी घेऊन, आणि माझ्यामागे अप्पा गाडीवर उभे. बिंदगे घरच्या लक्ष्मीच्या आधी शेतात पोहोचू नये असे मला वाटत होते, आणि ते पुढे गेलेही नाही. माझ्या पावलांच्या गतीने चालू शकेल अशी मोटारसायकल मी त्यापूर्वी पाहिली नव्हती. इंजिन फट्, फट् असे थांबून थांबून बोलत होते. ओढ्यात धोंड्यांवर पुढचे चाक चढे, मग मागचे. अप्पांचे गुडघे वाकत, कंबर डोले, आणि घोंगड्यातले बिंदगे होते तेथेच राही. मी मागे वळून पाहिले तेव्हा त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि कपाळावरची विभूती घामाने पसरली होती.

चढाच्या मध्यावर एक सपाट खडक आहे. तेथे माझे गुडघे थांबले. मी धोंड्यावर बसले आणि म्हटले, "तुम्ही व्हा पुढं. मी येते."

"लक्ष्मीच्या आधी कसं जाऊ?" अप्पा म्हणाले. थांबले तर पाय टेकवावा लागणार, आणि तो त्यांना टेकवायचा नव्हता. म्हणून ते त्या खडकावर माझ्याभोवती हळूहळू फिरू लागले, उभे, पाठीवर बिंदगे घेऊन. सगळे चढाखाली खोळंबून पाहत होते.

शेषेराव खालून म्हणाले, "वैनी, निवांत बसा. अप्पा तुम्हाला प्रदक्षिणा घालायलेत."

तनुजा इतकी हसली की तिला खाली बसावे लागले. राजशेखरही हसला. मी पदर तोंडाला लावला. अप्पा हसले नाहीत, कारण हसले असते तर सांडले असते. दम परत आल्यावर मी उठले आणि आम्ही दोघे उरलेला चढ चढून माळावर आलो. हरभऱ्याचा वास तेथून यावयास सुरुवात होते.

कोपीपाशी मी अप्पांच्या छातीवरची गाठ सोडली आणि बिंदगे दोन्ही हातांनी उतरवले. फडके ओले झाले होते, त्याहून अधिक काही नाही. पूजा झाली. राजशेखरने बिंदग्यातील आंबील पिकावर शिंपडली, आणि कोणी न सांगता थोडी गाडीच्या पुढच्या चाकावरही शिंपडली.

जेवताना शेषेराव आमच्या कोपीत भज्जी मागावयास आले. "अप्पा, खरं सांगतो, ओढ्यात एकडाव तुमचा पाय टेकला. मी बघितलं."

"तो धोंड्याला टेकला," अप्पा म्हणाले. "जमिनीला न्हाई."

हा वाद आजही मिटलेला नाही. बजरंगरावांना फोन करून विचारले, तर त्यांनी गुण कटतो असे सांगितले. अप्पांनी ते मान्य केलेले नाही.

राजशेखर संध्याकाळी निघताना म्हणाला, "अव्वा, फुडल्या साली कडबा हितंच ठिवा."

वाट नीट झालेली नाही आणि माझे गुडघेही तसेच आहेत. परंतु अप्पांमध्ये एक बदल झाला, त्यासाठी मी हे सर्व लिहिले. येळवस झाली, गाडीचे काम संपले, तरी ऊन उतरले की ते तिला बाहेर काढतात. मी विचारते, "माळावर काय काम काढलं?"

"काम न्हाई," असे म्हणून ते गाडी सुरू करतात आणि उभ्यानेच जातात.

मी दूध तापवून ओट्यावर उतरवते. पातेल्याखाली आता ॲव्हरेजचे लहान चक्र असते. ते पातेल्याला थोडे अपुरे पडते, म्हणून नीट मध्यभागी ठेवावे लागते. दुधावर साय धरेपर्यंत माळाकडून फट्, फट् असा आवाज येत राहतो, कधी जवळ, कधी लांब.